कमी पारगम्यतेच्या कोळशातला वायुप्रवाह: मोजमाप आणि मॉडेलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण अभियांत्रिकीचे किंवा भूशास्त्राचे विद्यार्थी पहिल्यांदा कोळशाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत येतात तेव्हा जे विचारतात ते इथे आहे. मॉडेल चालवणारी मंडळी आमच्याकडे आकडा मागायला येतात तेव्हा जे विचारत नाहीत, पण विचारायला हवं, तेही घेतलं आहे. बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे: पारगम्यतेचा (कोळशातून वायू किती सहज जातो याचा) आकडा एकटा फिरू देऊ नका. कुठला वायू, किती दाब, किती प्रतिबल (कोळशाला दाबणारा, क्षेत्रफळामागचा भार) आणि कुठली दिशा हे सोबत नसेल, तर त्या आकड्याचं पुढे काही करता येत नाही.

कोळसा हातात घेतला की भुगा होतो, सगळा भेगाळलेला असतो. मग त्यातून वायू जायला अडचण कसली?

वर आणलेला कोळसा भेगाळलेला दिसतो कारण त्याच्यावरचं ओझं गेलेलं असतं. आठशे मीटर खोलीवर त्याच भेगा जवळजवळ मिटलेल्या असतात. कोळशातल्या या नैसर्गिक भेगांना क्लीट म्हणतात. त्यांतली समांतर भेगांची एक रांग लांबवर सलग जाते, ती फेस क्लीट. तिला साधारण काटकोनात येणारी आणि मध्येच तुटणारी ती बट क्लीट. दोन क्लीटच्या मधला घट्ट भाग म्हणजे मॅट्रिक्स. वायू साठलेला असतो बहुतांशी मॅट्रिक्समध्ये, सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून, आणि लांबचा प्रवास करतो क्लीटमधून. त्यामुळे एकाच प्रवाहाला दोन वेगळे नियम लागतात: मॅट्रिक्समध्ये फिकचं विसरण (दाट भागाकडून विरळ भागाकडे रेणूंचं सरकणं), क्लीटमध्ये डार्सीचा नियम (दाबाच्या फरकाने वाहणं).

भेगेतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी निम्मी झाली की प्रवाह आठवा हिस्सा उरतो. या विषयातल्या निम्म्या भानगडी या एका घातामुळे होतात.

कमी पारगम्यता म्हणजे नेमकी किती कमी?

आँरी डार्सी यांनी १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अहवालात वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. एकक त्यांच्याच नावाचं आहे. कोळशाला डार्सी फार मोठं पडतं, म्हणून आपण मिलिडार्सीत बोलतो. एक मिलिडार्सी म्हणजे चौरस मीटरचा साधारण दहाचा उणे पंधरावा घात. ढोबळमानाने सांगायचं तर काही मिलिडार्सी असतील तर विहिरीतून मिथेन काढणारे खूश असतात. ०.१ च्या खाली गेलं की वायू काढायला भेगा पाडणं, एकमेकांजवळ भोकं घेणं असे उपाय लागतात. ०.००१ ला आपण मायक्रोडार्सीच्या घरात पोचतो, आणि या पानावरचे बहुतेक प्रश्न तिथलेच आहेत.

चिनी शोधनिबंध वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या खाण साहित्यात वेगळं एकक चालतं: चौरस मीटर प्रति मेगापास्कल-वर्ग प्रति दिवस. ते एक एकक म्हणजे ०.०२५ मिलिडार्सी. हा फरक न बघता आकडा उचलला तर चाळीस पटींची चूक होते, आणि आलेखावर ती ओळखूही येत नाही.

खाणीत याचं महत्त्व काय? वायू बाहेर येत नाही म्हणजे चांगलंच नाही का?

नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की मिश्रण स्फोटक होतं, म्हणून सगळं लक्ष खाणीच्या हवेतल्या टक्केवारीवर असतं. आपल्याकडचं खाण सुरक्षा महासंचालनालय भूमिगत खाणींच्या थरांची वायूप्रमाणे तीन श्रेणींत वर्गवारी करतं. एक टन कोळशामागे दहा घनमीटरपेक्षा जास्त ज्वालाग्राही वायू सुटत असेल तर तिसरी श्रेणी. झरियातली मुनिडीह ही तिसऱ्या श्रेणीची ओळखीची खाण आहे.

पण ही वर्गवारी सुटणारा वायू मोजते. न सुटणारा वायू हा वेगळा धोका आहे. पारगम्यता कमी असली की कामाच्या तोंडापासून (जिथे कोळसा कापतात त्या भिंतीपासून) थोडं आतही दाब तसाच चढा राहतो. काही मीटरांत दाब एकदम उतरतो, आणि तो उतार कोळशाच्या ताकदीला भारी पडला की कोळसा आणि वायू एकदम बाहेर फेकले जातात. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन्सव्हिलला १९५४ साली अशा उद्रेकात सात कामगार गेले. तिथे वायू कार्बन डायऑक्साइड होता, म्हणजे ठिणगीचाही प्रश्न नव्हता. जपानमध्ये होक्काइदोतल्या युबारीच्या नव्या खाणीत १६ ऑक्टोबर १९८१ ला वायूचा उद्रेक आणि पुढच्या आगीत ९३ जण दगावले. म्हणून वायू आधी काढून घ्यायचा असतो, आणि भोकं किती अंतरावर, किती महिने आधी घ्यायची हे पारगम्यतेवरून ठरतं.

मोजण्याची साधी पद्धत कोणती?

स्थिर प्रवाहाची. नमुना रबरी बाहीत घालून दाबकोशात ठेवायचा, बाहेरून तेलाचा दाब द्यायचा, एका टोकाला वायूचा दाब कायम ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला प्रवाह मोजायचा. वायू दबतो, त्यामुळे सूत्रात दाबांचा फरक नव्हे, तर दाबांच्या वर्गांचा फरक येतो. नवख्यांचं पहिलं गणित इथेच फसतं.

५० मिलिमीटर व्यासाचा, १०० मिलिमीटर लांबीचा नमुना घ्या. एका बाजूला मिथेन २ मेगापास्कलला, दुसरी बाजू हवेच्या दाबाला. पारगम्यता ०.००१ मिलिडार्सी असेल तर मिनिटाला साधारण दोन घनसेंटिमीटर वायू बाहेर येईल. साबणाच्या बुडबुड्याच्या साध्या मापकावरही हे दिसतं. पण पारगम्यता आणखी शंभर पटींनी कमी असली तर मिनिटाला ०.०२ घनसेंटिमीटर. एवढी तर एखाद्या सैल जोडातून गळती असते! इथून पुढे तुम्ही कोळसा मोजताय की आपलंच यंत्र, हा प्रश्न खरोखर विचारावा लागतो.

मग पल्स डिके का वापरतात?

कारण त्यात प्रवाह मोजावाच लागत नाही, फक्त दाब मोजायचा असतो, आणि दाब आपल्याला फार बारकाईने मोजता येतो. ब्रेस, वॉल्श आणि फ्रँगोस यांनी १९६८ साली वेस्टर्ली ग्रॅनाइटसाठी ही पद्धत वापरली. नमुन्याच्या दोन टोकांना दोन छोट्या टाक्या. सगळीकडे सारखा दाब झाला की एका टाकीत थोडासा, दोन-चार टक्के, दाब वाढवायचा (हा पल्स) आणि दोघींमधला फरक कसा विरत जातो ते बघत बसायचं. लॉगरिदमच्या कागदावर सरळ रेषा येते, आणि तिच्या उतारावरून पारगम्यता.

वरच्याच नमुन्याला वीस-वीस घनसेंटिमीटरच्या टाक्या लावल्या आणि दाब २ मेगापास्कल ठेवला, तर मायक्रोडार्सीच्या कोळशात फरक साधारण एक-तृतीयांशावर यायला पाऊण तास लागतो. शंभर पटींनी घट्ट कोळशात तीन दिवसांहून जास्त. टाक्या जितक्या लहान तितका वेळ कमी. पण टाकी नमुन्यातल्या पोकळीच्या तोलाची झाली की साधं सूत्र चालत नाही, साठवणीची दुरुस्ती करावी लागते.

रात्रभर ठेवलेल्या चाचणीत रेषा वरखाली का होते?

खोलीच्या तापमानामुळे. बंद टाकीतला वायू एक अंश तापला की दाब साधारण ०.३४ टक्के वाढतो, म्हणजे २ मेगापास्कलला जवळजवळ ७ किलोपास्कल. तुमचा पल्स तीन टक्क्यांचा, म्हणजे ६० किलोपास्कलचा असेल तर एका अंशाने त्याचा दहावा हिस्सा खाल्ला. दोन्ही टाक्या सारख्याच तापल्या तर फरक बराचसा जुळून जातो. एक टाकी खिडकीकडे आणि दुसरी भिंतीकडे असेल तर नाही. एसी रात्री बंद करण्याचा नियम असलेल्या इमारतीत ही चाचणी करू नये. करायचीच असेल तर आख्खा संच स्थिर तापमानाच्या कपाटात ठेवावा. महागड्या दाबमापकापेक्षा या कपाटावर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आधी हीलियम लावा असं का सांगता? आम्हाला तर मिथेनचा आकडा हवा आहे.

हीलियम कोळशाला जवळजवळ चिकटत नाही, कोळसा फुगवत नाही. त्यामुळे हीलियमचा आकडा म्हणजे नुसत्या भेगांची भूमिती. मिथेनचा आकडा म्हणजे भेगा, फुगवटा आणि शोषण (वायूचं कोळशाला चिकटणं) यांची बेरीज. पहिला नसेल तर दुसऱ्याचा अर्थ लावता येत नाही.

व्यवहारातलं कारण त्याहून मोठं आहे. हीलियमने चाचणी केली की दोन्ही टाक्यांचे दाब एकमेकांजवळ येतात आणि तिथेच थांबतात. थांबले नाहीत, दोन्ही मिळून खाली सरकत राहिले, तर गळती आहे. मिथेन वापरलात तर दोन्ही दाब तसेही खाली सरकतात, कारण मॅट्रिक्स वायू ओढून घेत असतो. आलेख पाहून गळती कुठली आणि शोषण कुठलं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून क्रम असा: आधी कोळशाच्या जागी त्याच मापाचा पोलादी दंडगोल बसवून यंत्राची गळती बघायची, मग कोळसा आणि हीलियम, मग मिथेन, आणि कार्बन डायऑक्साइड अगदी शेवटी. त्याने फुगलेला कोळसा पूर्वपदावर येईलच असं नाही.

मिथेनची रेषा लॉगरिदमच्या कागदावर सुरुवातीला खडी आणि मग वाकून लांबत जाते. खडा भाग क्लीटचा, लांबलेलं शेपूट विसरणाचं. दोघांतून एकच सरळ रेषा ओढू नका.

नमुना कसा सांभाळायचा?

खाणीतून निघाल्याबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मेण लावून हवाबंद. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये मुळीच नको: ते आर्द्रतेच्या रासायनिक चाचणीचं तापमान आहे, त्यात प्रवाहचाचणीच्या नमुन्याला नव्या भेगा पडतात आणि पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो. निर्वातात कमी तापमानाला सुकवा. किती आर्द्रता ठेवून मोजलं ते लिहा. ओल्या कोळशात मिथेन कमी चिकटतो. थराच्या समांतर की काटकोनात, फेस क्लीटच्या दिशेने की बट क्लीटच्या, हे नमुन्यावर रंगाने खूण करूनच कापा. कापल्यावर कुणाला आठवत नाही.

रबरी बाहीतून वायू जातो का?

जातो. कार्बन डायऑक्साइड तर आरामात जातो. नमुन्याभोवती पातळ धातूचा पत्रा गुंडाळून मग बाही चढवतात. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कायम जास्त ठेवायचा, नाहीतर वायू नमुन्याच्या कडेने निघून जातो आणि आकडा फुकटचा मोठा येतो.

कमी दाबाला पारगम्यता जास्त येते. हे खरं की दोष?

खरं आहे, पण तो कोळशाचा गुण नाही. दाब कमी झाला की वायूचे रेणू एकमेकांना कमी आणि भिंतींना जास्त धडकतात. भिंतीजवळचा थर थांबून न राहता घसरतो. हवेच्या दाबाला मिथेनचा रेणू सरासरी ०.०५ मायक्रोमीटर जाऊन दुसऱ्यावर आदळतो, ५ मेगापास्कलला सुमारे एक नॅनोमीटर. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ साली यासाठी सोपी दुरुस्ती दिली: पारगम्यता सरासरी दाबाच्या व्यस्ताविरुद्ध मांडा, आणि रेषा अक्षाला जिथे छेदते तो खरा आकडा.

कोळशात मात्र ही दुरुस्ती सरधोपट लावता येत नाही. दाब बदलला की परिणामी प्रतिबल (बाहेरचा दाब वजा आतला वायूचा दाब) बदलतं, आणि मिथेन असेल तर फुगवटाही बदलतो. तिन्ही गोष्टी एकाच रेषेत मिसळतात. घसरण वेगळी काढायची तर हीलियम वापरा आणि बाहेरचा व आतला दाब यांतला फरक कायम ठेवून दोन्ही सोबत वाढवा.

वायू काढत गेलं की पारगम्यता वाढते की घटते?

दोन्ही होतं. यावरच सगळ्यात जास्त वाद होतो.

वायूचा दाब उतरला की भेगा आतून उचलून धरणारं कुणी राहत नाही. वरचं ओझं त्यांना दाबतं, पारगम्यता घटते. त्याच वेळी मॅट्रिक्समधला वायू सुटतो, मॅट्रिक्स आक्रसतो, भेगा रुंदावतात, पारगम्यता वाढते. सुरुवातीला पहिलं जिंकतं. दाब बराच उतरला की दुसरं. ज्या दाबाला वळण येतं त्याला प्रत्यावर्तन दाब म्हणतात. ग्रे यांनी १९८७ मध्ये, पामर आणि मन्सूरी यांनी १९९० च्या दशकात, शी आणि दुरुकान यांनी २००४ साली यासाठी मॉडेल दिली. अमेरिकेतल्या सान हुआन खोऱ्यातल्या फ्रूटलँड कोळशात विहिरींचा दाब उतरल्यावर पारगम्यता वाढल्याचं प्रत्यक्ष दिसलं, आणि या मॉडेलांना बळ मिळालं.

आक्रसणं कमी दाबालाच का जोर करतं, ते लँगम्युअरच्या समीकरणातून कळतं; कुठल्या दाबाला किती वायू चिकटतो ते हे समीकरण सांगतं. समजा कमाल क्षमता टनाला २० घनमीटर आणि लँगम्युअर दाब (ज्या दाबाला निम्मी क्षमता भरते तो) २ मेगापास्कल. दाब ६ वरून २ वर आणला तर टनामागे १५ चे १० घनमीटर होतात. म्हणजे चार मेगापास्कल उतरवून पाच घनमीटर मिळाले. पुढच्या एकाच मेगापास्कलमध्ये ३.३ घनमीटर सुटतात.

आता सीमेची अट बघा, कारण आमच्यासारख्या प्रयोगशाळावाल्यांचं इथे चुकतं. थर जमिनीत आडवा पसरलेला असतो, त्याला बाजूंनी हलायला जागा नसते. मॅट्रिक्स आक्रसला की आडवं प्रतिबलच सैल पडतं. दाबकोशात मात्र आपण बाहेरचा दाब कायम ठेवतो, नमुना हवा तसा आक्रसतो. दोन्हीकडे तोच कोळसा, तोच वायू, तरी वक्र वेगळे. दाबकोशातला घटणारा वक्र उचलून थराला लावला तर तुमचं मॉडेल विनाकारण निराशावादी होतं.

कमी पारगम्यतेने प्रत्यक्ष प्रकल्प अडल्याचं उदाहरण आहे का?

पुन्हा युबारीच. उद्रेकानंतर दोन दशकांनी, २००४ ते २००७ या काळात, त्याच परिसरात खोल थरात कार्बन डायऑक्साइड सोडून मिथेन बाहेर काढण्याचा प्रयोग झाला. कल्पना आकर्षक आहे: कार्बन डायऑक्साइड कोळशाला मिथेनपेक्षा जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे एक साठतो आणि दुसरा सुटतो. पण घट्ट चिकटणारा वायू जास्त फुगवतोही. कोळशात क्लीटची सच्छिद्रता बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असते, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे येणारा फुगवटाही टक्क्याच्याच घरातला. म्हणजे फुगवटा भेगा गिळू शकतो. युबारीत तेच झालं: विहीर वायू पुरेसा घेईना.

२००६ साली त्यांनी नायट्रोजन सोडून पाहिला. नायट्रोजन कमी चिकटतो, भेगांमधला कार्बन डायऑक्साइड हुसकून लावतो, मॅट्रिक्स थोडा आक्रसतो. विहीर पुन्हा जास्त वायू घेऊ लागली, पण तेवढ्यापुरतीच. दोन्ही वायू आलटून पालटून सोडल्यावरही पारगम्यता मूळ जागी आली नाही. हे न परतणं बहुतेक मॉडेलांत बसत नाही. त्यांत फुगवटा लवचिक धरलेला असतो: दाब परत, तर पारगम्यता परत. मॉडेल निवडताना आधी हे गृहीतक तपासा.

मॉडेलमध्ये किमान काय हवं?

क्लीटमधल्या वायूचा वस्तुमान ताळेबंद, मॅट्रिक्समधून क्लीटकडे येणारा वायू, लँगम्युअरचं शोषण, आणि दाबाबरोबर बदलणारी पारगम्यता. वॉरन आणि रूट यांनी १९६३ साली भेगाळ खडकासाठी मांडलेली दुहेरी सच्छिद्रतेची (भेगांची आणि मॅट्रिक्सची पोकळी वेगवेगळी धरण्याची) कल्पना इथे चालते. भूमितीसाठी उभ्या काड्यांची जुडी धरतात, ते मॅचस्टिक मॉडेल. त्यात एक अडचण आहे. काड्या एकमेकींपासून पूर्ण सुट्या असतील तर बाहेरचा दाब कायम असताना फुगवट्याने भेगा मिटायलाच नकोत, पण प्रयोगात मिटतात. प्रत्यक्षात काड्यांमध्ये जागोजागी कोळशाचे पूल असतात. लिऊ आणि रुटक्विस्ट यांनी २०१० मध्ये ते हिशेबात धरले.

आमचं मॉडेल मोजलेल्या वक्राशी छान जुळतं. मग अंदाज का चुकतो?

कारण पारगम्यता आणि विसरणाचा वेळ या दोन चाव्या एकाच कुलपाला लागतात. एक वाढवून दुसरी कमी केली तरी वक्र जुळतो. आपल्या कोळशात अडथळा नेमका कुठला आहे ते आधी ठरवा. बंद डब्यात कोळसा ठेवून सुटणारा वायू मोजा. ६३ टक्के वायू सुटायला लागलेला वेळ म्हणजे शोषणकाळ. तो काही तासांचा असेल आणि थर मायक्रोडार्सीचा, तर खरा अडथळा क्लीट आहे, विसरणाचा तपशील सजवण्यात वेळ घालवू नका. शोषणकाळ महिन्यांचा असेल तर चित्र उलटं होऊ शकतं. ही मापं स्वतंत्रपणे केली की जुळवायला एकच चावी उरते.

प्रयोगशाळेचा आकडा आणि विहिरीतल्या चाचणीचा आकडा जुळत नाहीत. कुणावर विश्वास ठेवू?

थराबद्दल बोलायचं तर विहिरीवर. इंजेक्शन-फॉलऑफ चाचणी (विहिरीत पाणी सोडून, मग थांबवून दाब कसा उतरतो ते बघणं) कित्येक मीटरांचा कोळसा पाहते, आपला नमुना पाच सेंटिमीटरांचा. त्यात निवडीचाही दोष आहे: मोठी भेग असलेला तुकडा छिद्रण करतानाच मोडतो, आणि जो शाबूत निघतो तोच मोजला जातो. म्हणून प्रयोगशाळेचा निव्वळ आकडा बहुधा थरापेक्षा लहान येतो. उलटंही होतं, वर आणताना पडलेली भेग आकडा फुगवते. प्रतिबल वाढवल्यावर किंवा दुसरा वायू लावल्यावर तो किती पटींनी बदलतो, हे मात्र प्रयोगशाळेतच कळतं. आकडा विहिरीकडून घ्या, बदलाचा वक्र आमच्याकडून.

सॉफ्टवेअर कोणतं?

एका मितीतलं समीकरण स्वतः पायथनमध्ये सोडवून बघा. ते जमलं की कुठलंही चालेल.

चंद्रपूर-वणीकडचा कोळसा सरावासाठी चालेल का?

हीलियमच्या सरावासाठी जरूर. वर्धा खोऱ्यातला कोळसा झरियाच्या कोकिंग कोळशापेक्षा कमी पक्व आणि जास्त आर्द्र आहे, वायूही कमी, त्यामुळे मिथेनच्या उद्रेकाबद्दलचे निष्कर्ष त्यावरून काढू नयेत. तो सुकताना फार तडकतो. खाणीतून आणलेला मोठा ढेकूळ ओल्या गोणपाटात ठेवा, नमुना पाण्याच्या धारेखाली सावकाश कापा, आणि कापल्यावर तासाभरात बाहीत चढवा. दुपारपर्यंत टेबलावर राहिला तर त्याला नवीन भेगा पडलेल्या असतील, आणि मग तुम्ही त्यांचीच पारगम्यता मोजाल.